मध्य सोडण्याचा अधिकार

बुद्धिबळ शिकू लागलेल्या मुलाला पहिल्या काही दिवसांतच एक नियम सांगितला जातो : पटाच्या मध्यावरील चार घरे ताब्यात घ्यावीत. राजासमोरचे किंवा वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकावे, घोडे आणि उंट त्याच्या पाठीशी उभे करावेत आणि वेळीच किल्लेकोट करून राजाला सुरक्षित जागी न्यावे. नियमामागचे कारण साधे आहे. मध्यावर उभा असलेला घोडा आठ घरांवर रोखलेला असतो. तोच कोपऱ्यात असला तर त्याच्या वाट्याला अवघी दोन घरे येतात. मध्य ज्याच्याकडे असतो त्याच्या सैन्याला दोन्ही बगलांकडे धावण्यास वाट मोकळी राहते. प्रतिपक्षाला मात्र वळसा घालून जावे लागते.

या नियमाला काटेकोर शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय प्रामुख्याने जर्मन बुद्धिबळपटू डॉ. सीगबर्ट टाराश (१८६२–१९३४) यांच्याकडे जाते. व्यवसायाने ते वैद्य होते आणि पटाकडेही ते निदान करणाऱ्याच्या नजरेने पाहत. मध्य प्याद्यांनी व्यापावा, मोहऱ्यांना ऐसपैस जागा मिळवून द्यावी, दाटीवाटीची स्थिती टाळावी, ही त्यांची शिकवण एका संपूर्ण पिढीने प्रमाण मानली.

पहिले महायुद्ध संपले आणि युरोपातील अनेक सिंहासनांबरोबर हे प्रमाणही डळमळू लागले. रीगा येथे जन्मलेले अ‍ॅरन निम्झोविच, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेले रिचर्ड रेटी आणि ग्युला ब्रेयर, व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या तरुण मंडळींनी एक वेगळाच प्रश्न उपस्थित केला. मध्यावर सत्ता असावी हे खरे. पण सत्तेसाठी तेथे जाऊन बसलेच पाहिजे काय? दूर उभे राहूनही मध्यावर हुकमत ठेवता येणार नाही काय? सॅव्हिएली टार्टाकोव्हर यांनी या विचाराला 'अतिआधुनिक' असे नाव दिले आणि तेच रूढ झाले. १९२२ मध्ये रेटी यांचे बुद्धिबळातील नव्या कल्पनांवरील पुस्तक आले आणि १९२५ मध्ये निम्झोविच यांचे 'माझी पद्धती' हे पुस्तक प्रसिद्ध होऊ लागले.

या विचाराचे सर्वांत धीट रूप म्हणजे 'अलेखाइन बचाव'. १९२१ साली बुडापेस्ट येथील स्पर्धेत अलेक्झांडर अलेखाइन यांनी एंद्रे स्टाइनर यांच्याविरुद्ध तो योजला आणि तेव्हापासून त्याला त्यांचे नाव मिळाले. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकले की काळा आपले प्यादे न हलविता घोडा बाहेर काढून त्या प्याद्यावर रोखतो. प्यादे पुढे सरकून घोड्याला हुसकावते. घोडा दुसऱ्या घरात जातो. तेथूनही दुसरे प्यादे त्याला पिटाळते. चार-पाच चालींनंतर चित्र असे दिसते, की पांढऱ्याची तीन-चार प्यादी मध्यभागी दिमाखात उभी आहेत आणि काळ्याचा एकुलता एक घोडा पटाच्या कडेकडे रेटला गेला आहे.

मात्र बुद्धिबळात प्यादे हे एकच सोंगटे असे आहे, की ज्याला मागे फिरता येत नाही. त्याचे पुढे पडलेले प्रत्येक पाऊल मागे एखादे घर उघडे टाकून जाते. मध्यावर बसलेल्या प्रत्येक प्याद्याला राखण लागते आणि राखणीसाठी मोहरे अडकून पडतात. काळा नेमका याच क्षणाची वाट पाहत असतो. तो बाजूने एकेक प्यादे पुढे करून त्या तटबंदीच्या पायालाच धक्का देतो. घोड्यासमोरचे प्यादे एक घर पुढे करून उंटाला कोपऱ्याजवळच्या लांब तिरप्या रेषेवर बसवितो आणि तेथून साऱ्या मध्यावर नजर ठेवतो. आक्रमण वाटलेली प्यादी आता ओझे वाटू लागतात.

या जुन्या वादाची येथे आठवण करण्याचे कारण केवळ खेळाचे नाही. माघार घेणे, दुसऱ्याला पुढे जाऊ देणे, मानाचे आसन सोडणे ही आपल्या ख्रिस्ती अध्यात्माच्या ओळखीची भाषा आहे. ज्याच्याजवळ पुष्कळ आहे त्याला पुष्कळ राखावे लागते, मालकी ही मालकालाही बांधते, हे आपण व्यासपीठावरून वारंवार सांगत असतो. तेव्हा अलेखाइन बचावात प्रवचनकाराला एक तयार दृष्टांत सापडतो : सोडा, म्हणजे मिळेल. परंतु हा दृष्टांत अर्धाच आहे. त्याचा उरलेला अर्धा भाग समजून घ्यायचा असेल तर तीच चाल निरनिराळ्या पायरीवरच्या खेळाडूंच्या हातात कशी दिसते ते पाहिले पाहिजे.

पहिली पायरी नवशिक्याची. थोर खेळाडू मध्य सोडून देतात असे त्याने कोठेतरी ऐकलेले असते. तो घोडा बाहेर काढतो, पांढरी प्यादी पुढे येतात, घोडा पळतो. येथवर सारे अलेखाइन यांच्याप्रमाणेच होते. पुढे काय करावयाचे ते मात्र त्याला ठाऊक नसते. प्रहाराची वेळ निघून जाते, त्याचे मोहरे मागच्या दोन ओळींत एकमेकांच्या पायांत येतात आणि भक्कम झालेली पांढरी प्यादी त्याच्या अंगावर चालून येतात. चाली त्याच, पण अलेखाइन यांनी मध्य सोडला होता, या मुलाने तो गमावला. म्हणूनच जाणते शिक्षक नवशिक्याच्या हाती हा बचाव सहसा देत नाहीत. आधी मध्य घ्यायला शीक, तो राखताना किती श्रम पडतात ते अनुभव, असे ते सांगतात. ज्याने मध्य कधी राखलाच नाही त्याला राखणाऱ्याचे ओझे दिसत नाही. आणि ते दिसल्यावाचून प्रहार कोठे करावा हेही उमगत नाही.

दुसरी पायरी मधल्या खेळाडूची. त्याला पुस्तकातील दहा-बारा चाली मुखोद्गत असतात. पांढरा लोभाने प्यादी रेटत गेला तर त्याला शिक्षा कशी करावी हे तो जाणतो. पण प्रतिस्पर्ध्याने लोभ धरला नाही, दोनच प्यादी पुढे नेऊन ती शांतपणे भक्कम केली, की याची पंचाईत होते. कारण त्याचा सारा डाव समोरच्याच्या हावरेपणावर उभारलेला असतो. शिवाय त्याला एक सूक्ष्म अहंकार जडलेला असतो. मध्य व्यापणारे ते जुन्या वळणाचे, भाबडे. आपण मात्र मर्मज्ञ, असे त्याला वाटते. मध्य सोडणे ही त्याच्या लेखी गरज राहिलेली नसते, ती त्याची मिरविण्याची वस्तू झालेली असते. धार्मिक जीवनातही ही पायरी आपल्याला अनोळखी नाही. शेवटच्या बाकावर बसून, आपण शेवटच्या बाकावर बसलो आहोत हे कोणाकोणाच्या लक्षात आले याची नोंद ठेवणारा मनुष्य याच पायरीवर उभा असतो.

तिसरी पायरी तज्ज्ञाची. आणि तेथे पंथच उरत नाही. १९२४ साली न्यूयॉर्कच्या स्पर्धेत रेटी यांनी विश्वविजेते कापाब्लांका यांना दूरून मध्यावर दाब आणण्याच्या याच पद्धतीने हरविले. कापाब्लांका त्यापूर्वी आठ वर्षे एकही डाव हरले नव्हते, म्हणून या विजयाचा मोठा गवगवा झाला. परंतु ती स्पर्धा जिंकली पंचावन्न वर्षांच्या इमॅन्युएल लास्कर यांनी, ज्यांना कोणत्याच पंथात बसविता येत नाही. पुढे बॉबी फिशर यांची गोष्टही अशीच. पांढरी सोंगटी हाती असताना राजासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकून मध्य घेणे ही त्यांची आवडती सुरुवात. तरीही १९७२ साली रेक्याविक येथील विश्वविजेतेपदाच्या लढतीत, बोरिस स्पास्की यांच्याविरुद्धच्या तेराव्या डावात त्यांनी काळ्या सोंगट्यांनी अलेखाइन बचाव योजला आणि तो डाव जिंकला. तज्ज्ञ मध्य घेतो किंवा सोडतो ते समोरची स्थिती पाहून. त्याला दोन्ही करता येते. म्हणूनच त्याच्या सोडण्याला अर्थ असतो.

या संदर्भात आपल्या भूमीतील एक हकिकत ध्यानात घेण्याजोगी आहे. १८५५ साली कलकत्त्यात महेशचंद्र बॅनर्जी नावाच्या बंगाली खेळाडूने जॉन कॉक्रन या ब्रिटिश बॅरिस्टराविरुद्ध एक डाव खेळला. त्यात काळ्या बाजूने त्याने ज्या चाली केल्या, त्या सदुसष्ट वर्षांनी, १९२२ मध्ये, ग्रुनफेल्ड यांच्या नावाने प्रसिद्ध झाल्या. बॅनर्जी तो डाव हरले. परंतु आज 'इंडियन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बचावांच्या पूर्वजांत अशा डावांची गणना होते. आपल्या देशी बुद्धिबळात प्याद्याला पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाता येत असे. त्या खेळात मुरलेल्या माणसाला मध्यावर एकदम झेप घेण्याची सवयच नसणे स्वाभाविक होते. याचा अर्थ असा, की ग्रुनफेल्ड यांच्या हातून जो विचारपूर्वक केलेला त्याग होता, तो बॅनर्जी यांच्या हातून बहुधा वळणी पडलेली रीत होती. पटाकडे पाहणाऱ्याला दोन्हींत काडीचाही फरक दिसत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एकच कृती, दोन भिन्न हात. ती एकच कृती म्हणावी काय? संत थॉमस अक्वायनस यांनी मानवी कृत्याची नैतिकता तोलताना कृत्याचा विषय, त्यामागील हेतू आणि भोवतालची परिस्थिती या तिन्हींचा विचार करावयास सांगितले आहे. विनम्रतेविषयी लिहिताना तर ते आणखी एक पाऊल पुढे जातात. विनम्रता आणि मनाची भव्यता हे परस्परविरोधी गुण नाहीत, असे ते सांगतात. आपल्या आवाक्याबाहेरच्या गोष्टींकडे उफाळणाऱ्या मनाला एक गुण आवरतो. योग्य अशा थोर गोष्टींपासून खचून मागे हटणाऱ्या मनाला दुसरा सावरतो. स्वतःला कवडीमोल समजणे म्हणजे विनम्रता नव्हे. जो आपली किंमत जाणतच नाही, त्याचे वाकणे हे अद्याप सद्गुणाच्या कक्षेत आलेलेच नसते.

आविलाची संत तेरेजा हिने सोळाव्या शतकात 'पूर्णतेचा मार्ग' लिहिताना बुद्धिबळाचाच दाखला घेतला होता. ज्या सोंगट्याला आपण वजीर म्हणतो त्याला स्पॅनिश भाषेत स्त्रीचे नाव आहे. तेरेजाच्या मते त्या स्वर्गीय राजाला शरण आणणारी ही स्त्री म्हणजे विनम्रता. हा भाग तिने पुस्तक पुन्हा लिहिताना गाळला, तरी पहिल्या हस्तलिखितात तो टिकून आहे. मला त्यातील अधिक मोलाचे वाटते ते तिचे आरंभीचे बोलणे : ज्याला सोंगट्या नीट मांडता येत नाहीत त्याला खेळता येणार नाही आणि ज्याला शह देता येत नाही त्याला मात करता येणार नाही, असा तिचा आशय आहे. विनम्रतेची थोरवी गाणारी ही संत आधी सोंगट्या मांडायला शिकविते, हे विसरून चालणार नाही.

आपण मात्र हे पुष्कळदा विसरतो. आपल्या परिचयाचा एक कागद घेऊ : हक्कसोडपत्र. वडील मृत्युपत्र न करता निवर्तले, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार ख्रिस्ती कुटुंबात मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखाच असतो. तरीही बहिणींनी भावांच्या नावे हक्क सोडावा, ही अपेक्षा कित्येक घरांत न बोलता गृहीत धरलेली असते. दोन बहिणींची कल्पना करा. एकीला आपला हिस्सा किती, आज त्या जमिनीचे मोल काय, हे नीट ठाऊक आहे. ती 'नाही' म्हणाली तरी माहेरचे दार तिला बंद होणार नाही. आजारी आईची सेवा धाकट्या भावाने केली, याची जाण ठेवून ती सही करते. दुसरीला निबंधक कार्यालयाच्या पायरीवर पहिल्यांदा कागद दाखविला जातो. सातबारावर आपले नाव लागू शकते हेच तिला कोणी सांगितलेले नाही. सणासुदीला जायला माहेर उरावे, एवढ्या एका भीतीने तिचा हात कागदाकडे जातो. दोन्ही कागदांवर मजकूर तोच : राजीखुशीने, कोणत्याही दबावाशिवाय. सही तशीच, साक्षीदार तसेच. पहिलीने मध्य सोडला आहे. दुसरीचा तो काढून घेतला गेला आहे. आणि या दुसरीला जेव्हा आपण 'मोठ्या मनाची' म्हणून गौरवितो, तेव्हा तिच्यावर झालेल्या अन्यायाला सद्गुणाचा मुलामा देण्याचे पाप आपल्या शब्दांकडून घडते.

मार खाऊन गप्प राहणाऱ्या पत्नीला सहनशीलतेचे, तुटपुंज्या मजुरीवर राबणाऱ्याला संतोषाचे आणि बोलण्याची संधीच न मिळालेल्या तरुणाला मौनाचे महात्म्य सांगणे हा त्याच जातीचा प्रमाद आहे. नवशिक्याला अलेखाइन बचाव देऊन पटावर ढकलण्यासारखेच ते आहे. फरक इतकाच, की पटावरचा मुलगा हरल्यावर सोंगट्या पुन्हा मांडू शकतो. त्यागाचा उपदेश खोटा नाही. त्याचा पत्ता चुकतो. तो भावाच्या दारी न्यावयाचा असतो, मालकाच्या, पतीच्या, संस्थेच्या अध्यक्षाच्या आणि आम्हा धर्मगुरूंच्याही दारी न्यावयाचा असतो. ज्यांच्या हाती मध्य आहे त्यांना तो सोडण्याविषयी सांगावे. ज्यांच्या हाती तो कधी आलाच नाही, त्यांना आधी तो त्यांचा आहे एवढे सांगावे. घेतल्यानंतर त्यांनी तो ठेवावा की द्यावा, हे मग त्यांच्या मोकळ्या मनावर सोपवावे.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. पटावरचा तज्ज्ञ मध्य सोडतो तो अखेर जिंकण्यासाठीच. मग त्याच्या माघारीला विनम्रतेच्या शेजारी बसविणे योग्य आहे काय? आक्षेप रास्त आहे. अक्वायनस यांनीच कला आणि विवेक यांतील भेद दाखवून दिला आहे. कलेत मुद्दाम चूक करणारा कारागीर हा नकळत चुकणाऱ्यापेक्षा बरा. आचरणात मात्र जाणूनबुजून चुकणारा अधिक दोषी. म्हणजे खेळातील कौशल्य आणि जीवनातील सदाचार यांना एकाच मापाने मोजता येत नाही. जीवनात 'पायरी' म्हणजे हुशारी नव्हे. आपले काय आहे हे ठाऊक असणे आणि ते नाकारण्याची वा राखण्याची मोकळीक असणे, ही ती पायरी. शिवाय जीवनात समोर बसलेला प्रतिस्पर्धी नसतो, तो भाऊ असतो. त्याच्या लोभाची वाट पाहत टपून बसणारी माघार ही केवळ डावपेच आहे. तिची परीक्षा सोपी आहे : सोडलेला मध्य परत मिळाला नाही तर काय? खेळाडूला तेव्हा हार पत्करावी लागते. खऱ्या विनम्र माणसाचे मात्र त्यात काही बुडत नाही. कारण भाऊ मध्यावर सुखाने नांदावा, हेच त्याला हवे होते.

म्हणून अखेरीस आपल्याला पट बाजूला ठेवून दुसऱ्या एका मेजाकडे वळावे लागते. पवित्र गुरुवारी आपण पाय धुण्याचा विधी करतो, तेव्हा योहानकृत शुभवर्तमानातील त्या प्रसंगाच्या आरंभीचा तपशील सहसा आपल्या नजरेतून निसटतो. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे हे येशूला ठाऊक होते, असे शुभवर्तमानकार आधी सांगतो आणि मगच तो भोजनावरून उठला, वस्त्रे काढून ठेवून त्याने कमरेला रुमाल बांधला, असे लिहितो. उठण्याच्या आधी जाणणे आहे. पाय धुऊन झाल्यावर तो पुन्हा वस्त्रे परिधान करतो, आपल्या जागी बसतो आणि शिष्य आपल्याला गुरू व प्रभू म्हणतात ते योग्यच आहे असे सांगतो. त्याने आपले स्थान नाकारले नाही, लपविलेही नाही. आणि तुम्हीही असेच करा ही आज्ञा त्याने दिली ती घरातील एखाद्या दासाला नव्हे. उद्या ज्यांच्या हाती ख्रिस्तसभेची धुरा जाणार होती त्यांना दिली.

त्या रात्री पेत्र पाय मागे ओढून घेत होता. हा प्रभू आहे आणि हा माझ्यासमोर वाकला आहे, या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी दिसत होत्या. म्हणून त्याला ते सोसवेना. समोर वाकलेल्या माणसाकडे पाहताना आपल्यालाही दोन्ही दिसल्या पाहिजेत : तो वाकला आहे आणि तो कोण आहे. पुढच्या वेळी एखादी बहीण आपल्यासमोर हक्कसोडपत्रावर सही करू लागली, तर तिची स्तुती करण्यापूर्वी तिला एवढेच विचारावे, की बाई, हे तुझे होते हे तुला कोणी सांगितले होते का?